विश्लेषण : गाडी तापली की पाणी ओतायचे? कूलंट का बदलावे आणि घरी कसे?

मे महिन्याची दुपार, कसारा घाटाची चढण, पुढे ट्रकची रांग आणि आत एसी पूर्ण वेगात. अशा वेळी डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागतो आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागते. रस्त्याकडेला गाडी घेऊन बाटलीतले पाणी रेडिएटरमध्ये ओतायचे आणि पुढे निघायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. गाडी चालू लागते, म्हणून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. आजच्या इंजिनांचे मोठे दुखणे मात्र अनेकदा याच पाण्यापासून सुरू होते. कूलंट काय करते, ते कधी बदलावे आणि हे काम घरी सुरक्षितपणे कसे करता येते, याविषयी...

कूलंट नेमके काय करते?

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांना गती देण्याच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता धुरासोबत बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूंचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. ही उष्णता सतत वाहून नेली नाही तर इंजिन काही मिनिटांत निकामी होईल. वॉटर पंप कूलंटला इंजिनातील पोकळ्यांतून फिरवतो, ते उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येते, तेथे वाऱ्याने थंड होते आणि पुन्हा इंजिनात जाते. इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. तो साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडतो.

कूलंट म्हणजे एथिलीन ग्लायकॉल, शुद्ध पाणी आणि गंज रोखणारी रसायने यांचे मिश्रण. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असेल तर ते उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते आणि उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब राखते. त्या दाबाखाली हाच उत्कलनबिंदू १२५ अंशांच्याही पुढे जातो. म्हणूनच रेडिएटरचे झाकण हा केवळ बूच नसून शीतकरण यंत्रणेचा कामाचा भाग आहे. त्याचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि कूलंट चांगले असूनही गाडी उकळते.

मग पूर्वी पाण्यावर कसे भागत होते?

उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस आहे, हे खरे. फरक पडला तो इंजिनाच्या घडणीत. अ‍ॅम्बॅसिडरच्या जुन्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड, दोन्ही ओतीव लोखंडाचे होते. त्या काळचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. त्यात क्षार साचले की रेडिएटरवाला ते उघडून साफ करी, गळती असेल तर डाग देई आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येई. आजच्या गाड्यांत हेड आणि बऱ्याचदा ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा असतो. रेडिएटरची जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्यामुळे तो दुरुस्त करण्यापेक्षा बहुधा बदलावाच लागतो.

नळाचे किंवा बोअरचे पाणी यात दोन प्रकारे घात करते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार गिझरच्या कॉइलवर जमतात तसेच इंजिनातील अरुंद वाटांवर जमतात. हा थर उष्णता अडवतो. दुसरे म्हणजे, पाण्यातील क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडते. शिवाय प्रत्येक वेळी ओतलेले लिटरभर पाणी उरलेल्या कूलंटमधील गंजरोधक आणखी पातळ करते. एकदा ओतलेले पाणी गाडी मारत नाही. तीच सवय दोन-तीन उन्हाळे टिकली की वॉटर पंप गळू लागतो, रेडिएटर भोके पडून ठिबकतो आणि शेवटी गाडी चढावर तापते. अ‍ॅल्युमिनियमचे हेड जास्त तापले तर वाकते. मग हेड गॅस्केट जाते, कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात. काही शे रुपयांच्या कूलंटवर निभावले असते तेथे इंजिन खोलण्याची वेळ येते.

अशाच आणखी एका जुन्या सल्ल्यापासून सावध राहावे. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही’ असे काही ठिकाणी आजही सांगितले जाते. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानाला लवकर पोहोचत नाही. त्यामुळे इंधन जास्त लागते, झीज वाढते आणि तापण्याचे मूळ कारण तसेच राहते.

कूलंट बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

ग्लायकॉल संपत नाही, त्यातील गंजरोधके संपतात. शिवाय उष्णता आणि हवेच्या संपर्कामुळे ग्लायकॉलचे हळूहळू आम्लात रूपांतर होते. अशा वेळी बाटलीतील पातळी बरोबर दिसते, रंगही थोडाफार टिकून असतो, पण संरक्षण उरलेले नसते. त्यामुळे रंगापेक्षा कालावधी महत्त्वाचा. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षांनी किंवा ४० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागते. सेंद्रिय आम्लांवर आधारित दीर्घायुषी कूलंट पाच वर्षे किंवा त्याहून अधिक चालते. आपल्या गाडीचा नेमका आकडा ओनर्स मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि आधीच्या मालकाने काय ओतले ते माहीत नसेल, तर एकदा पूर्ण फ्लश करून सुरुवात करणे शहाणपणाचे.

काही खुणा मात्र मुदतीची वाट पाहू देत नाहीत. कूलंट तांबूस किंवा गढूळ झाले असेल तर आत गंज आहे. त्यावर तेलकट तवंग असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. तेव्हा फ्लशचा उपयोग नाही, गाडी मेकॅनिककडेच न्यावी. गाडीत गोडसर वास येत असेल आणि पुढचा गालिचा ओला लागत असेल तर हीटरचा कॉइल गळत असण्याची शक्यता असते. वारंवार पातळी घटत असेल तर आधी गळती शोधावी, कूलंट नंतर.

हिरवे, गुलाबी की निळे?

कूलंटच्या रंगाला कोणतेही सर्वमान्य मानक नाही. दोन कंपन्यांची हिरवी कूलंट आतून पूर्णपणे वेगळी असू शकतात. रंग पाहून वरून भरणे म्हणूनच धोक्याचे. सिलिकेटवर आधारित जुन्या पद्धतीचे आणि सेंद्रिय आम्लाचे कूलंट एकत्र आले तर आयुष्य घटते, काही वेळा त्यांचा चिकट गाळ होऊन वाटा तुंबतात. डब्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार लिहिला आहे का, हे पाहावे. भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी मानक जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ यांचा उल्लेख असेल तर उत्तम. ज्या स्वस्त बाटलीवर ग्लायकॉलचे प्रमाणही लिहिलेले नाही, ते रंगीत पाणीही असू शकते.

कूलंट दोन रूपांत मिळते. ‘रेडी टू यूज’ म्हणजे पाणी आधीच मिसळलेले, ते तसेच ओतायचे. ‘कॉन्सन्ट्रेट’ म्हणजे पाणी आपण मिसळायचे. कॉन्सन्ट्रेट नुसतेच ओतणे ही चूक ठरते. शुद्ध ग्लायकॉल उष्णता कमी वाहून नेते आणि उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. महाराष्ट्रात गोठण्याची चिंता नाही. पण थंडीत लेह किंवा काश्मीरला गाडी नेणाऱ्यांनी प्रमाण तपासून घ्यावे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

घरी करायचे तर तयारी काय?

सपाट जागा, पाच-सहा लिटर मावेल असा टब, नरसाळे, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, फडकी, रबरी हातमोजे, चष्मा आणि मोजमापाच्या खुणा असलेली बाटली एवढे साहित्य पुरते. फ्लशसाठी पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड हवे. बॅटरीत घालण्यासाठी मिळते तेच. लहान हॅचबॅकमध्ये एकूण कूलंट साधारण चार-पाच लिटर असते, मोठ्या एसयूव्हीत त्याच्या दुप्पटही असू शकते. मॅन्युअलमधील हा आकडा कागदावर लिहून ठेवावा, पुढे त्याची गरज पडते.

सर्वांत महत्त्वाचा नियम एकच. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. आतील द्रव शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतो. झाकण फिरवताच दाब जातो, तो एका क्षणात उकळतो आणि कारंज्यासारखा तोंडावर, हातावर येतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम सुरू करणे सर्वांत बरे. दुसरी काळजी पंख्याची. अनेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. त्याच्या आसपास हात घालताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवावी. गाडीखाली शिरावे लागणार असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. स्टँड लावावेत, मागच्या चाकांना दगड लावावेत.

जुने कूलंट कसे काढावे?

झाकण आधी उघडून घ्यावे, म्हणजे कूलंट सहज वाहते. रेडिएटरच्या तळाशी, एका कोपऱ्यात प्लास्टिकचा ड्रेन प्लग असतो. त्याखाली टब ठेवून तो हाताने हळू फिरवावा. जोर लावला तर तो तुटतो. काही गाड्यांत प्लगच नसतो. तेथे रेडिएटरच्या खालच्या होज पाइपची क्लिप पकडीने सरकवून पाइप सोडवावा लागतो. कूलंटची बाटलीही रिकामी करून आतला गाळ धुऊन घ्यावा. काढलेले कूलंट मोजावे. हा आकडा दुसरा.

मॅन्युअलमधील पाच लिटरपैकी तीन लिटरच बाहेर आले तर दचकण्याचे कारण नाही. उरलेले दोन लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या वाटांत अडकलेले असतात. काढलेले कूलंट स्वच्छ असेल, मुदतीत बदलले जात असेल आणि त्याच प्रकारचे नवे भरायचे असेल, तर फ्लश न करता तेवढेच ‘रेडी टू यूज’ भरले तरी चालते. ते गढूळ असेल, प्रकार बदलायचा असेल किंवा आत नळाचे पाणी गेले असेल, तर फ्लश हवाच.

फ्लश करताना गणित कुठे चुकते?

प्लग बंद करून यंत्रणेत डिस्टिल्ड पाणी भरावे, हीटर सर्वांत गरम खुणेवर ठेवावा, झाकण लावून इंजिन सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरचा वरचा पाइप गरम लागतो. त्यानंतर काही मिनिटे चालू ठेवून इंजिन बंद करावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पाणी काढावे. गरम इंजिनात थंड पाणी ओतण्याची घाई केली तर धातूला तडा जाण्याचा धोका असतो. वरील उदाहरणात प्रत्येक वेळी पाचपैकी तीन लिटर, म्हणजे ६० टक्के द्रव बाहेर येतो. पहिल्या वेळी ४० टक्के जुने कूलंट उरते, एका फ्लशनंतर १६ टक्के आणि दोन फ्लशनंतर जेमतेम सहा टक्के. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचे असल्याने पूर्ण दिवस राखून ठेवावा.

चूक होते ती यानंतर. आता ब्लॉकमध्ये दोन लिटर साधे डिस्टिल्ड पाणी अडकलेले आहे. त्यात तीन लिटर ‘रेडी टू यूज’ ओतले तर ग्लायकॉल दीड लिटरच जाते. म्हणजे पाच लिटरमध्ये केवळ ३० टक्के. गंजरोधकही त्याच प्रमाणात पातळ होते. नवे कूलंट भरूनही संरक्षण अपुरेच राहते. म्हणून फ्लशनंतर कॉन्सन्ट्रेट वापरावे. एकूण क्षमतेच्या निम्मे, म्हणजे अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतावे आणि उरलेली जागा, येथे अर्धा लिटर, डिस्टिल्ड पाण्याने भरावी. आत अडकलेले दोन लिटर धरून प्रमाण बरोबर निम्मे-निम्मे होते. लिहून ठेवलेले दोन आकडे कामी येतात ते येथे. आपल्या गाडीसाठी कॉन्सन्ट्रेट मिळत नसेल तर फ्लशचे काम सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.

हवा काढणे इतके महत्त्वाचे का?

घरी केलेले काम फसते ते बहुतेक वेळा हवेमुळे. भरताना आत हवेचा फुगा अडकला तर त्या जागी कूलंट पोहोचत नाही आणि धातू तेवढ्याच भागात तापतो. तापमान मोजणारा सेन्सर हवेत राहिला तर काटा थंडच दाखवतो आणि इंजिन मात्र भाजत असते.

म्हणून कूलंट हळूहळू ओतावे. शक्य असल्यास गाडीचे तोंड किंचित चढावर ठेवावे. काही गाड्यांत हवा काढण्यासाठी वेगळा स्क्रू असतो. त्यातून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवावा. रेडिएटरवर झाकण असलेल्या गाड्यांत झाकण उघडे ठेवून, थंड इंजिन सुरू करून, हीटर गरम खुणेवर ठेवावा. पातळी खाली जाईल तसे कूलंट भरत राहावे. वरचा पाइप हातमोजा घालून हलकेच दाबल्यास बुडबुडे निघण्यास मदत होते. बुडबुडे थांबले की झाकण लावावे आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्यावे. हीटरमधून गरम हवा सलग येत असेल तर ती चांगली खूण. ज्या गाड्यांत दाबाचे झाकण कूलंटच्या टाकीवरच असते, तेथे पद्धत वेगळी असते. तेथे मॅन्युअलमधील क्रमच पाळावा.

इंजिन थंड झाल्यावर पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या दोन खुणांच्या मध्ये आणावी. पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी ती तपासावी. किंचित घट होणे स्वाभाविक आहे, कारण उरलीसुरली हवा बाहेर पडते. सतत घट होत असेल तर प्लग किंवा क्लिप नीट बसलेली नाही. घाटाचा प्रवास या तपासणीनंतरच करावा.

घरी कधी करू नये?

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत बॅटरी, मोटर किंवा इन्व्हर्टर थंड ठेवण्यासाठी स्वतंत्र वाटा असतात. तेथे कंपनीने ठरवलेलेच कूलंट लागते. काही ठिकाणी ते वीज कमी वाहणारे असावे लागते आणि शेजारून उच्च दाबाच्या तारा जातात. त्या गाड्यांना घरी हात लावू नये. वॉरंटीतील गाडीचे काम नोंदीसह अधिकृत केंद्रात करून घेणे हिताचे. हवा काढण्यासाठी व्हॅक्यूम यंत्र किंवा स्कॅनर लागतो असे मॅन्युअलमध्ये असेल तर तेथेही धाडस नको.

काढलेल्या कूलंटचे काय करावे?

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि तितकेच विषारी. शरीरात त्याचे ऑक्झॅलेटचे स्फटिक होतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. अंगणात सांडलेले थोडेसे कूलंट चाटूनही कुत्रे-मांजर दगावू शकते. लहान मुलांनाही तोच धोका. ग्लायकॉलच्या कुळातील विष काय करते, हे मुंबईने १९८६ मध्ये पाहिले आहे. डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते. त्याची चौकशी लेंटिन आयोगाने केली.

त्यामुळे जुने कूलंट शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याचा मोह टाळावा. नव्या कूलंटच्या रिकाम्या डब्यात भरून, वर ठळक नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ते ठेवावे. गटारात, नाल्यात, झाडांच्या मुळाशी किंवा शोषखड्ड्यात ते ओतू नये. वापरलेल्या कूलंटमध्ये इंजिनातून झिजलेले तांबे, शिसे यांसारखे धातूही उतरलेले असतात. फ्लशचे पहिले पाणीही यातच धरावे. जुने ऑइल गोळा करणाऱ्या मोठ्या गॅरेजकडे किंवा सर्व्हिस सेंटरकडे ते द्यावे. मात्र ऑइलमध्ये मिसळून नव्हे, वेगळे. सांडले असेल तर माती किंवा भुसा टाकून टिपून घ्यावे आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. पोटात गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेळेत गेल्यास त्यावर उतारा आहे.

आणि घाटातच गाडी तापली तर?

एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम करून काचा खाली कराव्यात. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो थोडी उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे. वाफ येत असेल तर बॉनेटची घाई नको. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा आणि वरचा पाइप दाबून पाहावा. तो कडक आणि गरम असेल तर झाकणाला हात लावू नये. कूलंट जवळ नसेल आणि दुसरा उपायच नसेल, तर थंड झालेल्या इंजिनात पिण्याचे पाणी भरून जवळचे गॅरेज गाठायला हरकत नाही. लाल दिवा पुन्हा लागला तर मात्र तेथेच थांबून गाडी ओढून न्यावी. ‘दोनच किलोमीटर राहिलेत’ म्हणून चालवलेल्या गाडीचे हेड त्या दोन किलोमीटरमध्येच वाकते. आणि वाटेत पाणी ओतले असेल, तर घरी पोहोचल्यावर ते काढून यंत्रणा फ्लश करणे हे काम बाकी राहिले आहे, असेच समजावे.